क्रीडाविज्ञानातील संख्याशास्त्र : शब्द, मापन आणि अनुमान

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ मध्ये कलकत्त्याहून संख्याशास्त्राचे नियतकालिक सुरू केले आणि त्याला ‘संख्या’ असे नाव दिले. नियतकालिक इंग्रजी, नाव मात्र संस्कृत. पहिल्या अंकाच्या संपादकीयात या नावाचे समर्थन आलेले आहे. भारतीय मनात ‘संख्या’ या शब्दाशी मोजणे आणि यथार्थ जाणणे हे दोन्ही अर्थ निगडित आहेत आणि या नव्या शास्त्राला नेमके तेच दोन अर्थ एकत्र हवे आहेत, असा त्याचा आशय आहे. शब्दात हा संयोग आयता मिळतो. अभ्यासात तो परिश्रमाने घडवून आणावा लागतो. तो किती अवघड असतो हे ज्या ज्ञानशाखांत ठळकपणे दिसते, त्यांत क्रीडाविज्ञानाची गणना करावी लागेल.

शारीरिक शिक्षण आणि क्रीडाविज्ञान यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधनपद्धती व संख्याशास्त्र हा विषय असतो. तो शिकावयास येणारा विद्यार्थी बहुधा स्वतः खेळाडू असतो. आकडा त्याला परका नसतो. शंभर मीटर किती सेकंदांत, भाला किती मीटर, नाडीचे ठोके मिनिटाला किती, या हिशोबातच तो वाढलेला असतो. अडचण येते ती याच परिचयामुळे. मैदानावरचा आकडा हा निकाल असतो. पंचाने घड्याळ थांबवले की तेथील प्रश्न संपतो. संशोधकाचा प्रश्न घड्याळ थांबल्यावर सुरू होतो : हाच धावपटू उद्या याच मैदानावर धावला असता, तर हाच आकडा आला असता काय?

या वाटेवर विद्यार्थ्याला काही शब्द भेटतात : माध्य, प्रमाण विचलन, त्रुटी, सहसंबंध, समाश्रयण, यादृच्छिक, सार्थकता. हिंदीत यांपैकी काही वेगळे आहेत. प्रमाण विचलनाला तेथे मानक विचलन म्हणतात, संभाव्यतेला प्रायिकता, नमुन्याला प्रतिदर्श. खुद्द शास्त्राचे नावही मराठीत संख्याशास्त्र आणि हिंदीत सांख्यिकी असे रूढ आहे. व्यायामाच्या बाबतीत मराठी शब्दसंपत्ती मोठी. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून, म्हणजे मराठी प्रदेशाबाहेरून, व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले, त्यांत मल्लविद्येपासून आसनांपर्यंतची परिभाषा एकत्र आली. पण डाव, पेच, जोर, बैठक हे शब्द आखाड्यात जन्मले. शेकडो वर्षे अंगावर घासून त्यांना धार आली. संख्याशास्त्राचे शब्द समित्यांच्या बैठकींत जन्मले. त्यांची घडण बहुधा चांगली आहे, काही तर मूळ इंग्रजी शब्दांहून सरस आहेत. तथापि त्यांच्या अंगी आधीचा व्यवहारातला अर्थ चिकटलेला असतो आणि तो अर्थ विद्यार्थ्याला नकळत भलतीकडे नेतो. या विषयाच्या अध्यापनातील पुष्कळसा गोंधळ गणिताचा नसून या ओढीचा आहे.

‘त्रुटी’ हा शब्द प्रथम घ्यावा. व्यवहारात त्रुटी म्हणजे उणीव, कोणाची तरी चूक. मापनातील त्रुटी असे म्हटले, की विद्यार्थी मोजणाऱ्याचा हलगर्जीपणा शोधू लागतो. आणि आपण काळजीपूर्वक मोजले आहे, तेव्हा आपल्या आकड्यांत त्रुटी नाही, असे प्रांजळपणे लिहून मोकळा होतो. संख्याशास्त्राला अभिप्रेत असलेली त्रुटी ही कोणाची चूक नसते. डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली उभ्या उडीची कसोटी आजही महाविद्यालयांतून घेतली जाते. भिंतीजवळ उभे राहून वर उडी घ्यावयाची आणि हात किती उंच पोचला ते पाहावयाचे. इतकी साधी कसोटी. पण एकच मुलगा सोमवारी ४२ सेंटीमीटर आणि बुधवारी ४५ सेंटीमीटर उडी घेतो. मधल्या दिवसात त्याने काही कमावलेले नसते. झोप, आहार, उत्साह, पायांतील ठणका, भिंतीवर बोट टेकण्याचा क्षण, अशा अनेक कारणांनी आकडा खाली-वर होतो.

या चढउताराचे मोजमाप करता येते, आणि या विषयाचा पहिला खरा धडा तोच होय. समजा, सोळा मुलांची उडी कोणताही सराव न देता दोन दिवस मोजली, प्रत्येकाच्या दोन आकड्यांतील फरक काढला, आणि या फरकांचे प्रमाण विचलन ३ सेंटीमीटर आले. फरकात दोन मोजण्यांचा चढउतार मिसळलेला असल्यामुळे त्याला दोनच्या वर्गमुळाने भागावे लागते. म्हणजे एका मोजणीची नेहमीची त्रुटी सुमारे २.१ सेंटीमीटर ठरते. एकाच मुलाच्या दोन दिवसांच्या आकड्यांत केवळ चढउतारामुळे पडणारे शंभरांतील पंचाण्णव फरक सुमारे ६ सेंटीमीटरच्या आत असतील. आता सहा आठवड्यांच्या सरावानंतर एखाद्याची उडी ४ सेंटीमीटरने वाढली, तर प्रशिक्षकाने त्याची पाठ जरूर थोपटावी. परंतु सरावाचा हा परिणाम असे त्या एका आकड्यावरून म्हणता येणार नाही. याउलट सोळाही मुलांची सरासरी वाढ केवळ २ सेंटीमीटर असेल, तर ती अधिक बोलकी आहे. सोळांच्या सरासरीतील चढउतार एकाच्या चढउताराच्या चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण सेंटीमीटर इतका उतरतो. (सराव प्रत्येकाला सारखाच लाभत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा काहीसा मोठा येतो, ते येथे सोडून दिले आहे.) लहान सरासरी वाढ विश्वसनीय आणि मोठी वैयक्तिक वाढ अविश्वसनीय, ही गोष्ट विद्यार्थ्याला प्रथम विपरीत वाटते. ती त्याच्या अंगवळणी पडली, की अर्धा विषय शिकून झाला असे समजावयास हरकत नाही.

मोजमाप विश्वसनीय आहे हे दाखविण्यासाठी सहसंबंध गुणांक देण्याची प्रथा फार जुनी आहे आणि ती पुष्कळदा फसवी ठरते. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणी मांडली. अमेरिकेच्या वायुसेनेतील ११५ पुरुष बारा मिनिटांत किती अंतर जातात आणि प्रयोगशाळेत त्यांचे प्राणवायूचे कमाल ग्रहण किती भरते, यांतील सहसंबंध त्यांना ०.८९७ इतका आढळला. हा आकडा पाठ्यपुस्तकांतून जगभर गेला. परंतु सहसंबंध हा चाचणीचा अंगभूत गुण नव्हे. कोणाकोणाला एकत्र मोजले यावर तो अवलंबून असतो. तरुण आणि प्रौढ, धावणारे आणि बैठे, असे सगळे एका गटात घेतले, की कोणतीही बरी चाचणी त्यांना ओळीने लावून दाखविते. तीच चाचणी राज्यस्तरावरच्या वीस धावपटूंना लावली, की सहसंबंध घसरतो, कारण तेथे माणसामाणसांतील अंतर थोडे आणि चढउतार मात्र तेवढाच असतो. ज्याला वीस धावपटूंतून चार निवडावयाचे आहेत, त्याने वायुसेनेतील सहसंबंधावर विसंबणे म्हणजे गावच्या जत्रेतील तागडीवर सोने जोखण्यासारखे आहे.

सहसंबंधाचा आणखी एक दोष मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिला. एखादा काटा प्रत्येकाचे वजन पाच किलो अधिक दाखवीत असेल, तरी खऱ्या वजनाशी त्याचा सहसंबंध पूर्ण एक भरेल. दोन मोजण्या एकमेकींबरोबर चढतात-उतरतात एवढेच सहसंबंध सांगतो. त्या जुळतात काय, हे पाहण्यासाठी त्यांतील फरकच पाहावे लागतात. ग्रेग अ‍ॅटकिन्सन आणि अ‍ॅलन नेव्हिल यांनी १९९८ मध्ये हा विचार क्रीडावैद्यकाच्या अभ्यासकांसमोर विस्ताराने मांडला. ‘सहसंबंध’ या मराठी शब्दाने येथे थोडी मदतच केली आहे, असे म्हणता येईल. त्यातील ‘सह’ हा उपसर्ग सोबत चालण्याचा आहे, एकरूप होण्याचा नाही. विद्यार्थी मात्र ‘संबंध’ एवढेच ऐकतो.

माणसामाणसांतील फरक आणि एकाच माणसातील चढउतार यांचा हा भेद क्रीडांगणापुरता नाही. त्याचा सर्वांत गंभीर वाद एका मराठी संख्याशास्त्रज्ञाच्या नावाशी जोडलेला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाची धुरा सांभाळली आणि पुढे पुण्यास राहून संशोधन चालू ठेवले. सरासरी गरजेपेक्षा कमी उष्मांक घेणारा प्रत्येक माणूस कुपोषित मोजावयाचा, ही रीत त्यांना मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे असे : निरोगी माणसाचे ऊर्जेचे ग्रहण आणि व्यय आठवड्यागणिक बदलत असतात, शरीर काही मर्यादेपर्यंत हा तोल स्वतःच सावरते, तेव्हा एखाद्या आठवड्याच्या पाहणीत सरासरीखाली आढळलेल्यांत निरोगी माणसेही पुष्कळ असणार. हाच विचार त्यांनी शेल्डन मार्गेन यांच्यासह १९८२ मध्ये पुन्हा सविस्तर मांडला. पोषणशास्त्रातील अनेकांनी तो स्वीकारला नाही. अपुऱ्या अन्नाशी जुळवून घेणाऱ्या शरीराने त्या जुळवणुकीची किंमत मोजलेली असते, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो वजनदार होता. देशात उपाशी किती, हा प्रश्न अखेर एका प्रमाण विचलनाच्या घटकांवर येऊन ठेपला. खेळाडूच्या उडीतील तीन सेंटीमीटरांचा हिशोब ज्याला नीट कळला आहे, त्याला या वादात कोण काय म्हणतो आहे ते कळू शकते. क्रीडाविज्ञानाच्या वर्गात सुखात्मे यांचे नाव फारसे घेतले जात नाही. ते घ्यावयास हवे.

‘समाश्रयण’ या शब्दाची कथा वेगळी. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीची आकडेवारी मांडली. उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने तेवढी उंच नसतात. त्यांचे सरासरीपासूनचे अंतर आईवडिलांच्या अंतराच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. ठेंगण्या आईवडिलांच्या मुलांत हेच उलट दिशेने घडते. या माघारी येण्याला गॉल्टन यांनी जो शब्द वापरला, त्याचा अर्थच ‘परत जाणे’ असा होता. पुढे त्याच शब्दाने एका चलाच्या आधारे दुसऱ्याचे अनुमान करण्याची सबंध गणिती पद्धती ओळखली जाऊ लागली. भारतीय भाषांतील परिभाषाकारांनी या उत्तरार्धाकडे पाहून ‘समाश्रयण’, म्हणजे आश्रय घेणे, असा शब्द बनविला. पद्धतीसाठी तो अर्थपूर्ण आहे. परंतु त्यात परत येण्याची खूण उरली नाही, आणि क्रीडाविज्ञानात नेमकी तीच खूण हवी असते.

कारण प्रशिक्षकाचा रोजचा अनुभव या माघारी येण्याने भरलेला आहे. समजा, साठ मुलींची धावण्याची चाचणी घेतली आणि त्यांतील सर्वांत मागे राहिलेल्या दहा जणींना खास व्यायाम दिला. या दहा जणींची सरासरी साऱ्या गटाच्या सरासरीपेक्षा १० गुणांनी कमी आहे आणि चाचणी पुन्हा घेतल्यास दोन्ही वेळच्या गुणांतील सहसंबंध ०.८ असतो, असे धरले. मग व्यायाम न देताही दुसऱ्या वेळी या मुली सरासरीच्या सुमारे ८ गुणच खाली आढळतील. मागे राहिलेल्यांत काहीजणी खरोखरच मंद असतात आणि काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. दिवस पालटतो आणि दोन गुणांची ‘सुधारणा’ दिसते. तिचे श्रेय व्यायामाला मिळते. पहिल्या दहांच्या बाबतीत हेच उलटे घडते आणि कौतुकाने मुली शेफारल्या असा निष्कर्ष निघतो. रागावल्याने खेळ सुधारतो आणि वाखाणल्याने बिघडतो, हा मैदानावरील जुना समज पुष्कळ अंशी याच माघारी येण्यावर पोसलेला आहे. त्याचा उपाय सोपा, पण प्रशिक्षकाला तो पटविणे कठीण : मागे राहिलेल्यांतूनच अर्ध्यांना व्यायाम द्यावयाचा आणि अर्ध्यांना द्यावयाचा नाही, आणि कोणाला द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे.

येथे ‘यादृच्छिक’ हा शब्द आडवा येतो. यदृच्छा म्हणजे सहजगत्या, आपोआप घडणे. ‘यदृच्छया भेट झाली’ असे मराठीत म्हणतात, तेव्हा त्यात कोणाची योजना नसते. त्यामुळे यादृच्छिक निवड म्हणजे जो समोर आला तो घेणे, अशी समजूत होते. सकाळी सहाला मैदानावर आलेले पंचवीसजण एका गटात, आणि उशिरा आलेले दुसऱ्या गटात, अशी विभागणी विद्यार्थी निःशंक मनाने यादृच्छिक म्हणून नोंदवितो. वस्तुतः यादृच्छिक विभागणीइतकी योजनापूर्वक आणि शिस्तीने करावयाची दुसरी गोष्ट प्रयोगात नाही. तेथे मोजणाऱ्याची, प्रशिक्षकाची आणि खुद्द खेळाडूचीही इच्छा बाजूला काढावयाची असते. चिठ्ठीचा निर्णय एकदा आला, की तो कोणाचा कितीही लाडका खेळाडू असला तरी बदलता येत नाही. ‘चिठ्ठीने’ हा साधा शब्द वर्गात अधिक उपयोगी पडतो.

सगळ्याच प्रश्नांना चिठ्ठ्या आणि मोठे गट लागतात असे मात्र नाही. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी शरीराच्या पोकळीत दाब किती बदलतो, हे तेथे उपकरणांनी मोजले गेले; क्ष-किरणांचाही उपयोग करण्यात आला. प्रयोगाला बसणारे साधक मोजकेच. आजच्या विद्यार्थ्याला तो नमुना हास्यास्पद लहान वाटतो. परंतु तो घाई करतो. शरीरात असा दाब निर्माण होऊ शकतो काय, हा शक्यतेचा प्रश्न आहे, आणि शक्यता सिद्ध करण्यास एक माणूस पुरतो. त्या क्रियेने शंभरांपैकी किती जणांचा विकार कमी होईल, हा प्रमाणाचा प्रश्न झाला. त्याला एक माणूस काय, दहाही पुरत नाहीत. ए. व्ही. हिल यांनी १९२०च्या दशकात प्राणवायूच्या ग्रहणाचे प्रयोग स्वतःच्या धावण्यावरही केले, ते पहिल्या प्रकारचे होते. पहिल्या प्रकारच्या पुराव्यावर दुसऱ्या प्रकारचे विधान उभे करणे, हा योगाच्या आणि व्यायामाच्या साहित्यातील जुना आणि अद्याप न सुटलेला रोग आहे.

आता ‘सार्थकता’. व्यायामाने काहीच फरक पडत नाही असे क्षणभर गृहीत धरले, तर हाती आला आहे तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ चढउतारामुळे किती वेळा दिसेल, याची संभाव्यता काढतात. ती शंभरांत पाचांपेक्षा कमी असली, की फरक ‘सार्थ’ म्हणावयाचा, असा संकेत आहे. मराठीत सार्थ म्हणजे अर्थपूर्ण. जीवन सार्थकी लागते, नाव सार्थ ठरते. साहजिकच सार्थ फरक म्हणजे महत्त्वाचा फरक आणि असार्थ फरक म्हणजे फरकच नाही, असे दोन्ही चुकीचे अर्थ एका शब्दातून फुटतात. इंग्रजी शब्दातही हा दोष आहे, किंबहुना तेथूनच तो आला. काही मराठी लेखक ‘लक्षणीय’ म्हणतात. त्याने दोष सौम्य होतो, जात नाही. हजारो मुलांत पाव सेंटीमीटरची वाढ सार्थ ठरू शकते आणि कोणाच्या उपयोगी पडत नाही. आठ मुलांत तीन सेंटीमीटरची वाढ असार्थ ठरते आणि कदाचित खरी असते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये या संभाव्यता-मूल्यांच्या वापराविषयी निवेदन काढले. २०१९ मध्ये ‘नेचर’मधील एका टिपणाने सांख्यिकीय सार्थकता ही कल्पनाच निवृत्त करावी असे सुचविले आणि त्याला आठशेहून अधिक अभ्यासकांनी संमती दिली.

क्रीडाविज्ञानात हे दुःख फार आधी जाणवले होते. ऑलिंपिक स्तरावरचे धावपटू शंभर मिळत नाहीत. दहा मिळाले तरी भाग्य. दहा जणांच्या प्रयोगात ‘सार्थ’ असे सहसा काही निघत नाही, आणि स्पर्धेत तर शतांश सेकंदाने पदक जाते. या कोंडीतून वाट म्हणून न्यूझीलंडचे विल हॉपकिन्स आणि इंग्लंडचे अ‍ॅलन बॅटरहॅम यांनी २००६ मध्ये एक पद्धती मांडली. तिला मराठीत परिमाणाधिष्ठित अनुमान म्हणता येईल. तिचा प्रारंभ योग्य ठिकाणी होता. फरक शून्य आहे की नाही हे विचारण्याऐवजी तो उपयोगी पडण्याइतका मोठा आहे काय, हे विचारावे, आणि उपयोगी ठरेल असा लहानात लहान फरक किती ते आधी ठरवावे. एवढ्यावर कोणाचाही आक्षेप असू नये. पण पुढे ही पद्धती फरकाच्या विश्वासमर्यादांना थेट शब्द देत असे : उपकाराची संभाव्यता २५ ते ७५ टक्के असल्यास ‘शक्यतः उपकारक’, ७५ ते ९५ असल्यास ‘बहुधा उपकारक’, आणि याप्रमाणे पुढे. यासाठी संगणकीय तक्ते विनामूल्य उपलब्ध होते. दहा खेळाडूंचे आकडे भरावेत आणि निष्कर्षाचे वाक्य तयार घ्यावे, इतके ते सोपे होते. पद्धती झपाट्याने पसरली.

संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप २००८ मध्येच छापून आला होता. २०१५ मध्ये अ‍ॅलन वेल्श आणि एमा नाइट यांनी, आणि २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टिन सैनानी यांनी, अमेरिकेतील क्रीडावैद्यक महाविद्यालयाच्या मुखपत्रात पद्धतीचे गणित उलगडून दाखविले. मुख्य मुद्दा असा, की विश्वासमर्यादांवरून ‘उपकाराची संभाव्यता’ काढावयाची असेल, तर प्रयोगापूर्वी त्या व्यायामाविषयी काय मानले होते ते सांगावेच लागते; येथे ते न सांगता गृहीत धरले गेले होते. दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक. मुळीच उपयोग नसलेल्या उपायाला ‘बहुधा उपकारक’ ठरविण्याचे प्रमाण या पद्धतीत बरेच वाढते, आणि ते लहान ते मध्यम आकाराच्या नमुन्यांतच विशेष वाढते. म्हणजे ज्या नमुन्यांसाठी पद्धती घडविली, तेथेच ती अधिक चुकते. जनकांनी पद्धतीचा बचाव केला आणि पुढे तिला ‘निर्णय’ असे नवे नाव दिले. त्या मुखपत्राने मात्र तिच्यावर आधारलेले लेख स्वीकारणे बंद केले. मधल्या बारा वर्षांत किती सरावपद्धती आणि किती पूरक आहार ‘बहुधा उपकारक’ म्हणून खेळाडूंपर्यंत पोचले असतील, याचा हिशोब कोणी मांडू शकत नाही. प्रशिक्षकाच्या हाती निबंध जात नाही, त्यातील एक विशेषण जाते. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवल वाटू नये.

लहान नमुन्यांचा प्रश्न प्रामाणिकपणे कसा हाताळावा, याचे उत्तर त्याआधी शंभर वर्षे उपलब्ध होते, आणि तेही शरीराच्या मोजमापांवरच आधारलेले होते. विल्यम गॉसेट हे डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्माणशाळेत रसायनज्ञ होते. ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने त्यांनी १९०८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. थोड्या निरीक्षणांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच डळमळीत असते, म्हणून अनुमानाच्या मर्यादा रुंद कराव्या लागतात, हे त्यांनी दाखविले. किती रुंद, तेही सांगितले. पुष्कळ निरीक्षणे असता प्रमाण त्रुटीला १.९६ ने गुणावे लागते; दहा निरीक्षणे असता २.२६ ने आणि चारच असता ३.१८ ने. विश्वास तितकाच राहतो, पण विधान आखडते. या पद्धतीत कोणतेही विशेषण आयते मिळत नाही. पुष्कळदा हाती ‘फरक एक सेंटीमीटरने उणा ते पाच सेंटीमीटरने अधिक असू शकेल’ असे रुंद वाक्य येते, आणि प्रबंधात ते तसेच लिहावे लागते. मार्गदर्शकांना असे वाक्य आवडत नाही. परीक्षकांनाही क्वचितच आवडते.

गॉसेट यांनी आपले गणित ताडून पाहिले ती रीत मात्र वर्गात जशीच्या तशी उचलता येते. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी, अशी मोजमापे त्यांना छापील मिळाली होती. ती त्यांनी तीन हजार पुठ्ठ्यांच्या तुकड्यांवर लिहून काढली, तुकडे पिसले आणि चार-चारांचे साडेसातशे गट केले. क्रीडाविज्ञानाच्या वर्गात तीन हजारांची गरज नाही. चाळीस विद्यार्थ्यांनी आपापल्या उडीचा आकडा पत्त्याएवढ्या कागदावर लिहावा. कागद पिसून प्रत्येकाने चार उचलावेत, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढून फळ्यावर मांडावे, कागद परत टाकून पुढच्याने तसेच करावे. सारी आकडेवारी वर्गाच्या डोळ्यांसमोर असते, खरी सरासरी सर्वांना ठाऊक असते. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत कोणाच्या तरी हाती चारही उंच उड्या लागतात, त्याचे प्रमाण विचलन अगदी लहान निघते, आणि १.९६ ने गुणून काढलेल्या त्याच्या मर्यादांत खरी सरासरी सापडत नाही. मग तोच हिशोब ३.१८ घेऊन पुन्हा करावयाचा आणि फळ्यावरील चाळीस ओळींपैकी आता किती ओळींत ती सापडते, ते मोजावयाचे.